भट्रे कुणालाही पाच-नऊ देत नाहीत

सुपारीचा ढीग समोर आला की परमेश्वर भट आधी डोळे मिटायचे. मूठभर सुपारी उचलायची, कानाजवळ नेऊन खुळखुळवायची, मग त्यातली एक अडकित्त्याने कापायची, आणि तेव्हा कुठे डोळे उघडायचे. तोवर निकाल लागलेला असे. "राशी," म्हणाले तर बागाईतदाराचा जीव भांड्यात पडायचा. "कोका," म्हणाले तर तो भट्र्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत घरी जायचा. पण पुढच्या वर्षी पुन्हा त्यांच्याच टेबलापुढे येऊन उभा राहायचा. बाकीच्या टेबलांवर दर्जा मिळायचा. भट्र्यांच्या टेबलावर मिळायचा तो खरा, एवढाच फरक.

एकदा आमच्या सुपारी-विक्री सोसायटीच्या अध्यक्षांच्या मेव्हण्याची गाडी आली. "भट्रे, जरा बघून द्या हं," मेव्हणे डोळा बारीक करून म्हणाले.

"बघूनच देतो," भट्रे म्हणाले, आणि डोळे मिटले. उघडले ते "कोका" म्हणून.

अर्थातच बोंबाबोंब झाली. पण भट्र्यांची एक पद्धत होती. प्रत्येक ढिगातली मूठभर सुपारी ते एका लहान कापडी पिशवीत घालत, चिठ्ठी लावत, आणि महिनाभर फळीवर ठेवत. याला म्हणायचं नमुना. तंटा झाला की नमुना उघडायचा, चार जाणत्यांपुढे ठेवायचा, आणि गप्प बसायचं. मेव्हण्यांच्या ढिगाचा नमुना उघडला. चार जाणत्यांनी एकेक सुपारी तोंडात टाकली, आणि चौघांनीही ती अध्यक्षांसमोरच खिडकीबाहेर थुंकली. विषय मिटला.

त्या चिठ्ठीवर दोन ओळी छापलेल्या असत. वर 'दर्जा', खाली 'व्यवस्थापकाची सही'. चौतीस वर्षांत व्यवस्थापक सात झाले. त्यातल्या एकालाही सुपारी आणि रुद्राक्ष यांतला फरक अंधारात सांगता आला नसता. पण सही त्यांची. भट्र्यांचं नाव चिठ्ठीवर कुठेच नसे.

निवृत्तीच्या दिवशी सोसायटीने शाल दिली, नारळ दिला, आणि सातव्या व्यवस्थापकांनी भाषण केलं. पंधरा मिनिटांच्या त्या भाषणात त्यांनी भट्र्यांची फार तारीफ केली. फक्त सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांना 'पुरुषोत्तम भट' म्हणाले. भट्रे उठून नमस्कार करून बसले. घरी जाताना वाटेत मला म्हणाले, "सबनीसरे, तक्रार नाही बरं का. पण चौतीस वर्षं दर्जा मी दिला, नाव कुठे नाही. एकदा एखाद्या यादीत माझं नाव, माझ्या कामापुढे, छापलेलं बघायचंय. अगदी खालून पहिलं असलं तरी चालेल."

इकडे कर्नाटकात, शिरसीत, आडनावाला 'रे' जोडला की तो आदर असतो. बँकेतून बदली होऊन मी इथे आलो तेव्हा पहिले सहा महिने मला वाटायचं, सगळं गाव माझ्यावर खेकसतंय. आता एकतीस वर्षं झाली. आता पुण्याला भावाकडे गेल्यावर कुणी नुसतं 'सबनीस' म्हणालं की अंगावरचं काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटतं.

तर मला एक नाद आहे. हॅम रेडिओचा. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना आणि कॉलसाइन, म्हणजे हवेतलं अक्षरी नाव, घ्यायचं, घरात सेट लावायचा, झाडाला तार बांधायची, आणि जगाच्या पाठीवर असाच नाद लागलेल्या कुणाशीही बोलायचं. काय बोलायचं? तर तुमचा आवाज मला कसा येतो आणि माझा तुम्हाला कसा येतो. माझी बायको म्हणते, एवढं विचारायला लोक फोन करतात. तिला कसं समजावणार?

निवृत्तीनंतरच्या पंधरवड्यात भट्रे केळ्यांचा फणा घेऊन आमच्याकडे आले, तेव्हा मी एका जपानी गृहस्थाशी बोलत होतो. भट्रे खुर्चीवर बसले आणि त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. बोलणं संपल्यावर म्हणाले, "आवाज स्वच्छ आहे, पण बारीक. आणि मधेमधे पाण्यातून आल्यासारखा होतोय. याला काय म्हणतात तुमच्यात?"

मी सांगितलं, आमच्यात याला आकडे असतात. पहिला आकडा किती समजतंय त्याचा, एक ते पाच. दुसरा आवाज किती जोरकस त्याचा, एक ते नऊ. उत्तमातला उत्तम तो पाच-नऊ.

भट्र्यांनी डोळे उघडले. "म्हणजे दर्जा!" ते म्हणाले. "मग हा चार-पाच."

त्यांनी मला विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं. पण मी त्या जपान्याला पाच-नऊ देऊन मोकळा झालो होतो. म्हटलं, उगाच कशाला मन मोडा.

बासष्टाव्या वर्षी भट्रे परीक्षेला बसले. भागीरथक्का, म्हणजे त्यांची बायको, अभ्यासाच्या पुस्तकावरच कढीपत्ता निवडत म्हणाली, "नापास झालात तर मी गावात सांगणार आहे हं."

"आणि पास झालो तर?"

"तर तुम्हीच सांगत सुटाल. मला काय काम?"

पास झाले. आणि खरोखरच सांगत सुटले.

आमच्या घरापासून चालत अर्ध्या तासावर, मेलिनकेरीतल्या त्यांच्या बागेत सुपारीची साठ-साठ फूट सरळ झाडं. अँटेनाला आणखी काय हवं? घड उतरवायला येणारा बीरा गौडा तार कमरेला बांधून वर चढला आणि नेहमीच्या सवयीने एका झाडावरून झोका घेऊन दुसऱ्यावर गेला. तार बांधून झाली. दुसऱ्या दिवशी वारा आला, दोन झाडं दोन दिशांना डोलली, आणि तार मधोमध तुटली. बीरा खालून बघत म्हणाला, "भट्रे, झाड डोलणारच. तुमची तार का नाही डोलत?"

यावर भट्र्यांनी शोधून काढलेला उपाय मी कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता. नंतर कळलं की जगभरचे लोक असंच करतात. तारेचं एक टोक कप्पीवरून खाली आणायचं आणि त्याला वजन लटकवायचं. झाड डोललं की वजन वरखाली होतं, तार शाबूत. भट्र्यांनी सोसायटीतून बाद झालेलं पाच किलोचं लोखंडी माप आणून लटकवलं. तेव्हापासून वारा सुटला की बागेत ते माप हळूहळू वरखाली होत असतं, जणू कुणीतरी हवाच तोलतंय.

आमच्या शिरसीत आम्ही नऊ जण या नादातले. मंडळाचे सचिव दातांचे डॉक्टर, रविकिरण शानभाग. माणूस हुशार, हात हलका, जीभ मात्र कानशीसारखी. दरवर्षी फेब्रुवारीतल्या एका रविवारी युरोपातलं एक मंडळ जगभराची स्पर्धा भरवतं. बारा तासांची, आपल्या घड्याळाने सकाळी साडेपाच ते संध्याकाळी साडेपाच. फक्त आवाजाची, मोर्सची टकटक नाही. जास्तीत जास्त लोकांना गाठायचं. प्रत्येकाला त्याच्या आवाजाचा आकडा आणि आपला अनुक्रमांक सांगायचा. त्याचे दोन्ही ऐकून वहीत लिहायचे. मग सगळ्यांच्या वह्या त्या मंडळाकडे जातात आणि एकमेकांशी ताडून पाहिल्या जातात. तुम्ही चुकीचं लिहिलं असेल तर तुमचे गुण कापले जातात. शेवटी यादी निघते, प्रत्येकाच्या नावासकट.

'नावासकट' ऐकल्याबरोबर भट्रे म्हणाले, "मी एकट्याने उतरणार."

एकट्याने म्हणजे अगदी एकट्याने. ऐकायचं त्यानेच, बोलायचं त्यानेच, लिहायचं त्यानेच. शेजारच्या खोलीतून कुणी 'अहो, तो बघा ब्राझील' असं ओरडलं तरी तो गुन्हा.

"भट्रे, आम्ही सगळे मिळून उतरतो त्यात या," शानभाग म्हणाले. "एकट्याने बारा तास? तुमच्या वयाला लोक बारा मिनिटं माझ्या खुर्चीत बसू शकत नाहीत."

"तुमच्या खुर्चीत कुठल्याच वयाला बसवत नाही, डॉक्टर," भट्रे म्हणाले.

स्पर्धेच्या दिवशी पाच वाजता मी पोचलो तेव्हा भट्रे अंघोळ करून, गंध लावून, सेटसमोर बसले होते. समोर लांबडी वही, आखलेली. बाजूला नातवाचा जुना रेकॉर्डर, तारेने सेटला जोडलेला.

"हे कशाला?" मी विचारलं.

"नमुना," ते म्हणाले. "नमुना ठेवल्याशिवाय मी कधी दर्जा दिलाय?"

साडेपाच वाजले. मी आणि भागीरथक्का ओटीवर, खिडकीखाली, तोंडाला कुलूप लावून. भागीरथक्काला बारा तास गप्प बसायला लावणं हीच खरं तर त्या दिवसाची जागतिक स्पर्धा होती.

हेडफोनसोबत सेटचा स्पीकरही बारीक चालू होता, म्हणून आम्हाला सगळं ऐकू येत होतं. पहिला जपान. मग ऑस्ट्रेलिया. मग जपानच जपान. आतून भट्र्यांचा आवाज येत होता, सोसायटीतल्या लिलावात यायचा तसाच, न चढता न उतरता. आणि पाचव्या-सहाव्या माणसाला मी कान टवकारले. सगळं जग त्या स्पर्धेत प्रत्येकाला पाच-नऊच देतं. तो रिवाजच आहे. लग्नात सगळ्याच जावयांना 'साक्षात विष्णू' म्हणतात, तसा. संगणकावर तर तो आकडा आधीच भरलेला असतो. लोक फक्त अनुक्रमांक टाइप करतात. आणि आत भट्रे सांगत होते, "तुम्ही चार-सहा." "तुम्ही पाच-पाच." थोडं थांबून, "तुम्ही तीन-तीन, मी तीन वेळा ऐकून खात्री केली."

मी खिडकीतून डोकावून हातवारे केले. पाच बोटं, मग नऊ. भट्र्यांनी हेडफोन एका कानावरून सरकवला. "बाहेरच्या मदतीला बंदी आहे," एवढं म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली. भागीरथक्का तोंडावर पदर धरून हसत होती.

दीड वाजता जेवण. ताटात भात, ताकातली तंबळी, आणि भागीरथक्काने सवयीने ठेवलेला अप्पेहुळीचा पेला. रानातल्या आंबट कैरीचं ते पाणी जेवणानंतर प्यायलं की इकडचा धडधाकट माणूस दोन तास आडवा होतो. आमच्या शाखेत दुपारची तपासणी कधी झाली नाही ती त्यामुळेच. भट्र्यांनी पेल्याकडे पाहिलं. पेला हातात घेतला. वास घेतला. मग तो खिडकी उघडून माझ्या हातात दिला. चाळीस वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदा घडत होतं. भागीरथक्का चरकून म्हणाली, "तब्येत बरी आहे ना हो?"

तो पेला मी प्यायलो. त्यामुळे दोन ते साडेतीन या काळातलं मला सांगता येणार नाही.

जागा झालो तेव्हा युरोप भरात आला होता. एकावर एक आवाज, बाजाराच्या दिवशी बसस्टँडवर असतात तसे, आणि त्यातून भट्रे एकेकाला हळूच बाजूला काढत होते. एका धिप्पाड आवाजाच्या माणसाने त्यांना सांगितलं, "तुम्ही पाच-नऊ! कॉलसाइन परत सांगा. परत सांगा. अजून एकदा." चौथ्या वेळेला भट्र्यांना हसू आवरेना. "माझा पाच-नऊ असा असतो होय," म्हणाले, पण वहीत त्यांनी लिहिला मात्र पाच-नऊ. त्याने दिलेला दर्जा होता. जसा दिला तसा लिहायचा.

साडेपाचला त्यांनी हेडफोन काढला. तीनशे एक्याऐंशी माणसं. त्यातली पाच-नऊ किती? सव्वीस. आवाज पार बसला होता. भागीरथक्काने धण्या-जिऱ्याचा गरम कषाय आणून दिला आणि बारा तासांचं साठवलेलं पुढच्या पंचवीस मिनिटांत बोलून टाकलं. भट्रे नुसते हसत ऐकत होते. मी वही संगणकावर उतरवून दिली, आणि ती आम्ही पाठवली.

एप्रिलमध्ये पत्र आलं. माझ्याच पत्त्यावर, कारण भट्र्यांकडे ईमेल नव्हता. मी ते दोनदा वाचलं आणि शानभागांना फोन केला. दवाखाना बंद करून ते थेट मेलिनकेरीला आले.

पत्र सभ्य होतं, पण सुईसारखं होतं. मंडळाने लिहिलं होतं की, तुमच्या वहीतले दिलेले आकडे आणि दोनशे एकसष्ट लोकांच्या वह्यांतले घेतलेले आकडे जुळत नाहीत. त्या सगळ्यांचे गुण आमच्या नियमाने कापावे लागतील. स्पर्धेच्या इतिहासात एका माणसामुळे असं कधी झालेलं नाही. आकडे मनाला येतील तसे दिले गेले असावेत, अशी शंका आहे. दोन आठवड्यांत खुलासा न आल्यास आपलं नाव यादीतून वगळण्यात येईल.

भट्र्यांनी मला शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, "वगळण्यात म्हणजे, शेवटचं नाव म्हणून पण नाही?"

"पण नाही," मी म्हणालो.

"सोपं आहे," शानभाग म्हणाले. "लिहून टाका, मी नवखा आहे, पहिलीच स्पर्धा, आकडे देण्यात चूक झाली, माफ करा. नवख्यांना ते सांभाळून घेतात. दोनशे एकसष्ट जणांचे गुण परत मिळतील, तुमचं नाव राहील. सगळे खूश."

खरं सांगतो, मलाही ते पटलं. मी तिथल्या तिथे चार ओळी लिहिल्यासुद्धा. बँकेत इतकी वर्षं काढली. माफीची चार ओळींची पत्रं लिहिण्यात माझा हात कुणी धरणार नाही. मी ती वाचून दाखवली. भट्र्यांनी डोळे मिटून ऐकली.

"भाषा पाच-नऊ आहे," ते म्हणाले. "पण चूक कुठे झाली?"

"झाली नाही हो. पण म्हणायची."

"डॉक्टर, चांगला दात किडलाय असं तुम्ही लिहून द्याल?"

"भट्रे, हा रेडिओ आहे. सुपारीचा ढीग नाही," शानभाग वैतागले. "तिथे पाच-नऊ म्हणजे नमस्कार! नमस्काराला कुणी खरा का खोटा विचारतं का?"

"मग नमस्कार म्हणावं. दर्जाचा आकडा कशाला खर्ची घालता?"

"तुम्हाला यादीत नाव हवं होतं ना?"

मला भट्र्यांकडे बघवेना. माणसाने आयुष्यात एकच गोष्ट मागितलेली, तीही शेवटच्या ओळीत. आणि ती मिळायला फक्त चार ओळींखाली एक सही पुरे होती.

"हवं आहे," ते म्हणाले. "माझ्या कामापुढे हवं आहे. काम खोटं म्हणून लिहून द्यायचं, आणि त्याच्यापुढे नाव राखायचं? ते नाव मग पुरुषोत्तम भटांचं."

आतून भागीरथक्का तेळ्ळेवाचं, म्हणजे पातळ डोशाचं, पीठ ढवळत बाहेर आली. "चाळीस वर्षं हे माझ्या स्वयंपाकाला रोज खरा दर्जा सांगतायत," ती म्हणाली. "मी अजून जिवंत आहे. त्या लोकांना एकदा ऐकून एवढं अजीर्ण? सबनीसरे, तो नमुना पाठवा की त्यांना. कपाटात पडलाय."

आम्ही तिघेही शिकलेसवरलेले पुरुष एकमेकांकडे बघत राहिलो. रेकॉर्डर आमच्या डोक्यातून साफ गेला होता.

पत्र भट्र्यांनी सांगितलं, मी इंग्रजी केलं. तीनच वाक्यं होती. 'मी चौतीस वर्षं सुपारीचा दर्जा ठरवला आहे. ज्याला जो आकडा दिला तो ऐकून, सेटवरचा काटा बघून दिला. नमुना सोबत आहे. कुठल्याही चार जाणत्यांना ऐकवावा.' बारा तासांचं रेकॉर्डिंग आणि वेळा लिहिलेली वही सोबत गेली.

दोन आठवडे गेले. तीन गेले. भट्रे रोज संध्याकाळी फिरायला म्हणून आमच्या दारावरून जायचे आणि काही विचारायचे नाहीत. फक्त फाटकाशी चप्पल नीट करायला जरा जास्त वेळ वाकायचे. मी ओटीवरून मान हलवायचो, नाही म्हणून. ते चप्पल घालून पुढे जायचे.

उत्तर आलं ते बाविसाव्या दिवशी, आणि मंडळाचं नव्हतं. त्यांच्या पंचांपैकी एकाचं, स्वतःच्या नावाने. स्लोव्हेनियातले हे स्टाने नावाचे गृहस्थ. पत्र वाचत मी चपलांशिवाय मेलिनकेरीपर्यंत गेलो, हे मला तिथे पोचल्यावर कळलं.

स्टाने लिहीत होते: 'तुमचा नमुना ऐकायचं काम माझ्याकडे आलं. दोन तास ऐकून अहवाल देणार होतो. बाराही तास ऐकले. बाकी तीन पंचांनाही ऐकवलं. तुम्ही दिलेला एकही आकडा आम्हाला एका अंकाहून जास्त चुकीचा वाटला नाही. अकराव्या तासाला मला माझाच आवाज ऐकू आला. स्पर्धेत मीही होतो. तुम्ही मला चार-तीन दिले होते, आणि मी न ऐकताच पाच-नऊ लिहून पुढे गेलो होतो. मला राग आला, कारण माझी अँटेना नवी आहे आणि वर्षभर जगातल्या प्रत्येक माणसाने मला पाच-नऊ दिले आहेत. पण रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज खरोखरच विहिरीच्या तळातून आल्यासारखा होता. दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन छपरावर चढलो. जोडाच्या आत पाणी शिरलेलं. बहुधा पहिल्याच पावसापासून. वर्षभरात मला खरं सांगणारे तुम्ही एकटेच भेटलात.'

पुढे कामाचं होतं. वह्या चुकीच्या लिहिणाऱ्या दोनशे एकसष्ट जणांचे गुण नियमाप्रमाणे कापले जातील, त्यात पंच स्टाने यांचेही. भट यांच्या वहीत तपासणीअंती एकही चूक सापडलेली नाही.

"एकही नाही?" शानभागांनी विचारलं. ते बातमी ऐकून आले होते, हातमोज्यांसकट. "आमच्या गटाच्या सव्वीस निघाल्या! आणि थांबा, भट्रे. तुम्ही मला त्या दिवशी किती दिले होते? मी पण तुम्हाला बोलावलं होतं ना दुपारी."

"चार-आठ," भट्रे म्हणाले.

"मी पाच-नऊ लिहिलं." शानभाग खाली बसले. "मी शिरसीतून बोलत होतो हो! सहा किलोमीटरवरून!"

"जोर भरपूर होता. समजत नव्हतं," भट्रे म्हणाले. "तुम्ही माइक फार तोंडाजवळ धरता. पेशंटच्या तोंडात ड्रिल धरता तसा."

जूनमध्ये यादी निघाली. मी ती छापून नेली. एकट्याने भाग घेणाऱ्यांत आशियातून सतरावे: कॉलसाइन, आणि पुढे पूर्ण, परमेश्वर सुब्राय भट, मेलिनकेरी. शेवटच्या रकान्यात, जिथे प्रत्येकापुढे चुकांचा आकडा असतो, तिथे शून्य. सबंध यादीत तसा तो एकच.

मला वाटलं होतं डोळे भरून येतील वगैरे. माझे आले. भट्र्यांनी कागद हातात घेतला, अंगठ्याने चोळला, उजेडात धरला, आणि म्हणाले, "कागद मध्यम आहे." मग आत गेले, आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. भागीरथक्का मला खुणेने म्हणाली, बसा. आम्ही बसलो. त्या दिवशी कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी ती पुन्हा गप्प होती.

पुढच्या फेब्रुवारीत भट्रे पुन्हा उतरले. मीही पुन्हा ओटीवर, पेल्यापासून सावध अंतर ठेवून. दुपारी रेडिओवर स्टाने आले. भट्र्यांनी ऐकलं, थांबले. "पाच-सात," म्हणाले. पलीकडून एक मोठा आनंदाचा चीत्कार आला. मी इतकी वर्षं या नादात आहे, पाच-सात मिळाल्यावर नाचणारा माणूस पहिल्यांदा ऐकला. त्यानंतर जे सुरू झालं ते काही स्पर्धेत बसणारं नव्हतं. फिनलंडचा एक जण म्हणाला, मला खरा आकडा द्या, सावकाश द्या. इटलीचा म्हणाला, मी थांबतो, आधी ही तार ऐका, मग ती ऐका, कुठली बरी ते सांगा. जर्मनीचे तिघे रांगेत उभे राहिले. भट्रे प्रत्येकाचं डोळे मिटून ऐकत होते. बाहेर माप वरखाली होत होतं. घड्याळ पळत होतं आणि गुण बुडत होते.

संध्याकाळी मोजले तर एकशे चौऱ्याण्णव. मागच्या वर्षीच्या जेमतेम निम्मे.

"नंबर गेला, भट्रे," शानभाग म्हणाले.

"गेला," भट्र्यांनी कबूल केलं. त्यांचा आवाज बसला होता आणि चेहरा असा होता की मी सोसायटीच्या निरोपसमारंभातही तो पाहिला नव्हता. त्यांनी रेकॉर्डरमधलं कार्ड काढलं, एका लहान कापडी पिशवीत घातलं आणि तोंड दोऱ्याने बांधलं. खणातून सोसायटीची उरलेली एक जुनी चिठ्ठी काढली. वरच्या ओळीत तारीख आणि एकशे चौऱ्याण्णव हा आकडा लिहिला. खालच्या ओळीतला 'व्यवस्थापकाची' हा शब्द एका रेघेने खोडला. राहिलं नुसतं 'सही'. तिथे त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, वळणदार, एकही अक्षर न गाळता, आणि चिठ्ठी पिशवीला लावून मागच्या वर्षीच्या नमुन्याशेजारी फळीवर ठेवली.

"आता द्या तो पेला," ते भागीरथक्काला म्हणाले.